लागला असता

13 जानेवारी 2022, केपटाऊन. मालिकेतली तिसरी, निर्णायक टेस्ट. अश्विनचा चेंडू डीन एल्गरच्या गुडघ्याखाली पॅडवर आदळतो, अंपायर मराय इरॅस्मस बोट वर करतात, एल्गर रिव्ह्यू घेतो. पडद्यावर ते ओळखीचं ॲनिमेशन सुरू होतं. चेंडू टप्पा घेतो, उसळतो आणि स्टंपच्या वरून निघून जातो. हे अशक्य आहे, असं खुद्द इरॅस्मस पुटपुटताना माइकवर ऐकू येतं. ज्यांनी आउट दिलं त्यांचाही विश्वास बसत नाही. मग भारतीय खेळाडू एकेक करून स्टंपच्या माइकपाशी जातात आणि आपला राग त्यात ओततात. ट्रॅकिंगचं तंत्रज्ञान हॉक-आयचं, प्रक्षेपण सुपरस्पोर्टचं, निर्णय आयसीसीच्या नियमाने. पण भांडायला समोर कुणीतरी लागतंच, म्हणून एक लाकडी दांडा.

त्या दिवसाच्या वागणुकीबद्दल बरंच लिहून झालंय. मला त्या ॲनिमेशनबद्दल लिहायचंय. सिनेमाचं परीक्षण लिहितात तसं. काही सेकंदांची ही फिल्म आपण प्रत्येकाने शेकडो वेळा पाहिली आहे. व्हिडिओतली हलती वस्तू कॉम्प्युटरने ओळखायची आणि तिचा माग काढायचा, या कामावर माझं पोट चालतं. या धंद्यातली सगळ्यात जास्त पाहिली गेलेली निर्मिती कोणती, असं कुणी विचारलं तर निदान आपल्या देशापुरतं उत्तर हेच. आणि तिचं परीक्षण कुणी करत नाही. निकालावर वाद होतात, कलाकृतीवर होत नाहीत.

आधी कथानक. पायचीत हा क्रिकेटमधला विचित्र प्रकार आहे. बोल्ड, कॅच, रनआउट या घडलेल्या गोष्टी आहेत. पायचीत म्हणजे न घडलेली गोष्ट. पॅड मध्ये आलं नसतं तर काय झालं असतं, यावर माणूस बाद होतो. 1774 सालापासून हा नियम आहे, आणि आजच्या छत्तिसाव्या नियमात स्पष्ट लिहिलंय की चेंडू अडण्याआधी ज्या मार्गाने चालला होता, त्याच मार्गाने पुढे गेला असता असं धरून चालायचं. थोडक्यात, अंपायरने कल्पना करावी अशी कायद्याचीच आज्ञा आहे. अडीचशे वर्षं अंपायर ती कल्पना डोक्यात करत आले. आपल्याला फक्त वर गेलेलं किंवा न गेलेलं बोट दिसायचं. आतली फिल्म कधी दिसली नाही.

2001 च्या मे महिन्यात लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान टेस्टमध्ये चॅनल फोरने ती फिल्म पहिल्यांदा पडद्यावर आणली. पॉल हॉकिन्स नावाच्या इंजिनिअरने ती बनवली होती, आणि आडनावातला ससाणा यंत्राच्या नावात जाऊन बसला. तेव्हा ती करमणूक होती. कॉमेंटेटरना चर्चेला विषय. 2008 मध्ये भारताच्या श्रीलंका दौऱ्यात रिव्ह्यूची चाचणी झाली आणि करमणूक न्यायालयात शिरली. मग भारताने कितीतरी वर्षं या पद्धतीला नाक मुरडलं. घरच्या टेस्टमध्ये ती आली ती 2016 च्या नोव्हेंबरात, राजकोटला, इंग्लंडविरुद्ध.

आता ही फिल्म बनते कशी, ते बघू. थोडं गणित येईल, पण तोंडी करता येण्याजोगं.

स्पिनरचा चेंडू ताशी 90 किलोमीटरने येतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला 25 मीटर. सेकंदाला 25 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर दर दोन फ्रेममध्ये चेंडू एक मीटर पुढे सरकलेला असतो. मधल्या मीटरमध्ये काय झालं, कॅमेऱ्याला ठाऊक नाही. म्हणून या कामाला वेगवान कॅमेरे लागतात, आणि मैदानाभोवती वेगवेगळ्या कोनांवर लावलेले लागतात. एकाच कॅमेऱ्यातून चेंडू किती लांब आहे ते नीट कळत नाही. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. समजा, कॅमेरे सेकंदाला 250 फ्रेम घेतात. मग दर फ्रेमला चेंडू 10 सेंटिमीटर सरकतो. टप्पा पडल्यावर एका मीटरवर पॅड लागलं, तर टप्प्यानंतरची आपल्या हाती आलेली माहिती म्हणजे दहा ठिपके. त्यातला प्रत्येक ठिपका हा धूसर, थोडा फराटलेला, कधी बॅट्समनच्या बुटाआड अर्धा लपलेला डाग असतो आणि त्याचा मध्य कुठे हे कॉम्प्युटरने ठरवलेलं असतं. या दहा ठिपक्यांवरून पुढच्या दोन मीटरचा रस्ता काढायचा. पहिल्या मीटरमध्ये चढ एका सेंटिमीटरने चुकीचा वाचला, तर पुढच्या दोन मीटरमध्ये आणखी दोन सेंटिमीटरची भर पडते. चेंडूचा व्यास जेमतेम सात सेंटिमीटर. बेलला घासून जाणं आणि वरून जाणं यातला फरक त्याच्या आतलाच.

हे वाचून यंत्र कुचकामी आहे असं वाटायला नको. दहा ठिपके एकमेकांच्या चुका बऱ्याच झाकतात, आणि माणसाच्या डोळ्याची अवस्था यापेक्षा कितीतरी वाईट आहे. मुद्दा वेगळा आहे. आपण किती चुकू शकतो हे अशा गणिताला आतून माहीत असू शकतं.

हॉक-आयच्या पोटातला कोड जगजाहीर नाही. पण ट्रॅकिंगमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात भेटणारं एक गणित आहे, काल्मन फिल्टर. रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मांडलेलं, अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरलेलं. ते समजायला चंद्रावर जायची गरज नाही. मित्राने मेसेज केला, ‘स्वारगेटहून निघालो’. तुम्ही कोथरूडला उभे. पाच मिनिटांनी तो कुठे असेल याचा तुम्ही अंदाज बांधता. दहा मिनिटांनीही बांधता, पण आता त्या अंदाजावर तुमचाच तितका भरवसा नसतो. सिग्नल असेल, पेट्रोल भरत असेल, मुळात निघालाच नसेल. मग मेसेज येतो, ‘डेक्कनला आहे’. लगेच अंदाज सुधारतो आणि शंका आकसते. मात्र हा मित्र नेहमी पोचायच्या आधीच ‘पोचलो’ म्हणणारा असेल, तर मेसेजवरही पूर्ण विश्वास ठेवत नाही, स्वतःचा अंदाज आणि त्याचा शब्द यांच्या मध्ये कुठेतरी थांबता. काल्मन फिल्टर हेच करतो, आकड्यांत. अंदाज, मोजमाप, दुरुस्ती, पुन्हा अंदाज. आणि दर पायरीला तो दोन गोष्टी सांभाळतो: वस्तू कुठे आहे, आणि आपल्याला त्याची कितपत खात्री आहे. ही दुसरी गोष्ट काढून टाकली तर फिल्टर चालतच नाही. नव्या मोजमापाला किती भाव द्यायचा हे तो आपल्या शंकेच्या मापानेच ठरवतो.

चेंडू पॅडवर आदळला की मेसेज बंद होतात. तिथून स्टंपपर्यंत नुसता अंदाज, आणि शंका दर सेंटिमीटरला फुगत जाणारी.

आता पडदा पाहा. तिथे काय दिसतं? एक गुळगुळीत, घट्ट नळी. टप्प्यापासून पॅडपर्यंत जेवढी जाड, पॅडपासून स्टंपपर्यंतही तेवढीच जाड. मोजलेला भाग आणि कल्पिलेला भाग यांचा पोत एकच. रंग बदलला तरी कडा तितक्याच धारदार. स्टंप, क्रीज, हिरवळ सगळं कॉम्प्युटरने रेखलेलं. सावल्या मात्र खऱ्यासारख्या. कॅमेरा आधी अंपायरच्या मागून बघतो, मग सरकत जाऊन स्टंपपाशी थांबतो, जिथे प्रत्यक्षात कुठलाही कॅमेरा नसतो. दिग्दर्शकाला आपल्याकडून काय हवंय ते उघड आहे. आपण हे ‘रिप्ले’ म्हणून पाहावं. आणि आपण पाहतोही. ‘बघ ना, लागतोय की!’ असं ओरडतो. रिप्ले घडून गेलेल्या गोष्टीचा असतो, ही साधी गोष्ट त्या घटकेला कुणाच्या लक्षात राहत नाही.

बाजूच्या चौकटीतली भाषा तर विशेष आहे. ‘विकेट्स: हिटिंग’. चालू वर्तमानकाळ! जो चेंडू पॅडला लागून केव्हाच गलीकडे गेला, तो पडद्यावर स्टंपला लागतोय. मराठीत हे बोलायची वेळ आली तर आपण सहज ‘लागला असता’ म्हणतो. शाळेत संकेतार्थ म्हणून घोकलेला तो प्रकार. त्या ‘असता’मध्ये पायचीतचा अख्खा नियम बसतो: घडलेलं नाही, घडू शकलं असतं, कुणीतरी तसं म्हणतंय. इंग्रजीलाही संकेतार्थ आहे, नाही असं नाही. पण ग्राफिक बनवणाऱ्याने ‘हिटिंग’ निवडलं. छोटं आहे, चौकटीत बसतं, आणि शंका ठेवत नाही.

या सगळ्या फिल्ममध्ये शंकेला जागा मिळते ती एकाच ठिकाणी, आणि नेमकी त्याच ठिकाणी प्रेक्षक चिडतो. अंपायर्स कॉल.

नियम असा: यंत्राच्या मते अर्ध्याहून कमी चेंडू स्टंपला लागत असेल, तर मैदानावरच्या अंपायरने जे दिलं ते कायम. आउट दिलं असेल तर आउट, नॉटआउट दिलं असेल तर नॉटआउट. तोच चेंडू, तीच नळी, दोन निकाल. सचिन तेंडुलकरने 2020 मध्ये म्हटलं की चेंडू स्टंपला जराही लागत असेल तर आउटच द्यावं, टक्केवारी कशाला बघायची. 2021 मध्ये कोहलीनेही तसंच सांगितलं. लागतोय म्हणजे लागतोय, गोंधळ कशाला. दोघांचं म्हणणं ऐकायला इतकं सरळ आहे की त्यात खोट काढणारा माणूस मुद्दाम वाकड्यात शिरतोय असं वाटावं.

मी वाकड्यात शिरतो. ‘जराही लागतोय’ हे फक्त रेखलेल्या चेंडूबद्दल बोलता येतं. नळीची कडा स्टंपच्या कडेत तीन मिलिमीटर शिरलेली दिसते. पण ती कडाच दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे असू शकत असेल, तर त्या तीन मिलिमीटरला काय अर्थ? खऱ्या चेंडूबद्दल तिथे एवढंच म्हणता येतं की कदाचित लागला असता, कदाचित नसता. अशा वेळी आधीच्या निर्णयाला धरून राहणं हा शहाणपणा आहे. वरचं कोर्टही खालच्या कोर्टाचा निकाल भक्कम कारणाशिवाय फिरवत नाही. सचिन आणि कोहली चित्रावर विश्वास ठेवतायत. त्यांचा दोष नाही, चित्र विश्वास ठेवण्यासाठीच तसं काढलंय. एवढी ठाशीव नळी दाखवायची आणि वर म्हणायचं ‘आम्हाला नक्की माहीत नाही’. चित्र एक सांगतं आणि पाटी दुसरंच, मग लोक पाटीवर चिडणारच.

अंपायर्स कॉलचं समर्थन करताना एक गोष्ट मात्र मला मान्य करता येत नाही. ‘अर्धा चेंडू’ हे माप सरसकट आहे. टप्प्यानंतर दोन मीटर दिसलेला चेंडू आणि वीतभर दिसलेला चेंडू, स्टंपपासून हातभर अंतरावर अडलेला आणि क्रीजच्या बाहेर तीन पावलं जाऊन अडवलेला, सगळ्यांना शंकेची एकच फूटपट्टी. गणित असं सांगत नाही. शंका प्रत्येक चेंडूची वेगळी असते.

गंमत म्हणजे हे ओळखणारा नियम एके काळी होता, आणि त्याची आपण यथेच्छ टर उडवली. 27 फेब्रुवारी 2011, बंगळुरू, विश्वचषक. दोन्हीकडे 338 होऊन बरोबरीत सुटलेली ती भारत-इंग्लंड मॅच. युवराजचा चेंडू इयन बेलच्या पॅडवर बसला, बिली बाउडेन यांनी नॉटआउट दिलं, धोनीने रिव्ह्यू घेतला. पडद्यावर नळी थेट स्टंपवर. बेल तंबूकडे चालायलाही लागला होता. पण तो स्टंपपासून अडीच मीटरहून जास्त पुढे होता, आणि एवढ्या अंतरावर यंत्राचा अंदाज निर्णायक मानायचा नाही असं तेव्हाच्या नियमात होतं. बेल परत फिरला. मैदानभर संताप. यंत्रात माणसाच्या मर्जीची भेसळ केल्यामुळे विकेट गेली, अशा अर्थाचं धोनी नंतर बोलला. तेव्हा मी दहावीच्या उंबरठ्यावर होतो आणि धोनीशी शंभर टक्के सहमत होतो. आज तो नियम मला त्या सगळ्या व्यवस्थेतला सर्वात अभ्यासू वाटतो. अंतर वाढलं की शंका वाढते, एवढंच तो म्हणत होता. त्याची अडचण चित्रामुळे झाली. अडीच मीटरवरही नळी तितकीच ठाशीव होती.

ही तक्रार माझी एकट्याची नाही. कार्डिफ विद्यापीठातल्या हॅरी कॉलिन्स आणि रॉबर्ट इव्हान्स या समाजशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये हॉक-आयवर एक निबंध लिहिला, आणि 2016 मध्ये ख्रिस्तोफर हिगिन्स यांच्याबरोबर ‘बॅड कॉल’ नावाचं पुस्तक. अशा चित्रांसोबत चुकीची शक्यताही दाखवा, नाहीतर लोकांची विज्ञानाबद्दलची समजूतच बिघडेल, असा त्यांचा आग्रह. 2007 च्या विम्बल्डन फायनलमध्ये नदालचा एक फटका यंत्राने अगदी केसभर आत दिला आणि फेडररने अंपायरला ते यंत्र बंदच करा म्हणून सांगितलं, तो किस्सा त्यांच्या लिखाणाच्या मुळाशी आहे. पुस्तक वाचण्यासारखं आहे, पण माझी त्यांच्याशी एक कुरबुर आहे. अंपायरचा मैदानावरचा अधिकार टिकवण्याकडे त्यांचा ओढा जास्त दिसतो. मला अंपायरच्या अधिकाराचं फारसं काही वाटत नाही. स्टीव्ह बकनर यांच्या काळात वाढलेल्या भारतीय मुलाकडून ती अपेक्षाही करू नये. मला त्या चित्रातून गायब केलेला अर्धा हिशेब हवाय.

त्यावर ठरलेलं उत्तर येतं: लोकांना हे झेपणार नाही. लोकांना सरळ हो की नाही हवं असतं.

जून 2020 आठवा. निसर्ग चक्रीवादळ. हवामान खात्याचे नकाशे घराघरात फिरत होते. त्यात वादळाचा आजपर्यंतचा मार्ग रेघेने दाखवलेला, आणि पुढचा मार्ग फुगत जाणाऱ्या सुळक्यासारख्या पट्ट्याने. जितकं पुढचं, तितका पट्टा रुंद. तो पट्टा म्हणजे शंका, हे कुणी कोकणात शिबिर घेऊन शिकवलं नव्हतं. लोक बघत होते, आपलं गाव त्यात येतंय का ते शोधत होते, पत्रे बांधून घेत होते. 3 जूनला वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. तोच नकाशा टीव्हीवर, तेच प्रेक्षक. ज्यांना वादळाचा पट्टा कळतो त्यांना चेंडूचा कळणार नाही? पॅडपाशी नळी संपवा आणि तिथून एक फिकट, रुंदावत जाणारा सुळका काढा. तो पूर्ण स्टंपवर पडला तर आउट. पूर्ण बाहेर गेला तर नॉटआउट. अर्धवट पडला तर अंपायर्स कॉल, आणि मग वेगळी पाटीही लागणार नाही, डोळ्यांनाच दिसेल. आजचे ग्राफिक कॉम्प्युटर हे काम चहा गाळायच्या वेळात करतील. अडचण कलेची नाही, गणिताची तर नाहीच. सुळक्याचा थरार नसतो. शेवटच्या क्षणी तीन लाल स्टंप लखलखण्यात जी मजा आहे ती धूसर पट्ट्यात कुठून येणार? प्रक्षेपकाला मजा विकायची आहे.

क्रिकेटपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. एक विकेट गेली, एक मिळाली, चालायचंच.

पण हीच चित्रशैली आता माणसांवर वापरली जाते, आणि ते चित्र काढणाऱ्यांत मी आहे. माझ्या कामातली फिल्म अशी दिसते: गोदामातला किंवा चौकातला कॅमेरा, प्रत्येक माणसाभोवती एक रंगीत चौकट, चौकटीवर नंबर. माणूस चालतो तशी चौकट चालते. आत पुन्हा तोच काल्मन, आणि जोडीला जोड्या जुळवण्याची ‘हंगेरियन’ पद्धत, म्हणजे आधीच्या फ्रेममधल्या कुठल्या चौकटीची जोडी आताच्या कुठल्या माणसाशी लावायची ते ठरवणारी. (काल्मनही बुडापेस्टचेच. आमच्या धंद्यातलं निम्मं शहाणपण हंगेरीतून आलेलं आहे.) सगळं सुरळीत चालतं ते दोन माणसं एकमेकांना ओलांडेपर्यंत. एक जण रॅकमागे जातो, त्याच वेळी तशाच निळ्या जाकिटातला दुसरा समोरून येतो, आणि सात नंबरची चौकट त्या दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसते. याला ‘आयडी स्विच’ म्हणतात. संशोधनात हे मोजतात, तक्त्यात त्याचा रकाना असतो, नवा ट्रॅकर आला की तो आकडा किती खाली आणला हे अभिमानाने सांगतात. शून्यावर आणल्याचं कुणी सांगत नाही.

पडद्यावर मात्र स्विच दिसत नाही. चौकट ठाशीवच राहते. सात नंबर सातच.

आता विचार करा की त्या चौकटींवरून कोण किती मिनिटं जागेवर होता याचा रोजचा तक्ता निघतो. सुपरवायझरच्या टॅबवर येतो. सात नंबरची चौकट सव्वाचारला चहाच्या टपरीकडे गेलेली असते, आणि ज्याच्या नावावर सात नंबर आहे तो माणूस तेव्हा रॅकमागे खोकी मोजत असतो. त्याच्याकडे रिव्ह्यू नाही. त्याने हात जोडून टी केला तर कुणी बघणारही नाही. बोलायला स्टंपमधला माइकसुद्धा नाही. आणि त्याचं म्हणणं ऐकायची वेळ आलीच, तर पुरावा म्हणून पुन्हा तीच फिल्म लावली जाणार, ज्यात चौकट स्वच्छ दिसतेय आणि नंबर स्वच्छ दिसतोय.

अशाच एका कामात आम्ही चौकटींची कड शंकेप्रमाणे फिकी करून दाखवली होती. दोघं ओलांडून गेले की दोन्ही चौकटी तुटक रेघांच्या व्हायच्या आणि तक्त्यात त्या मिनिटांपुढे ‘नक्की नाही’ असा शेरा पडायचा. फार काम नव्हतं. आकडे आत होतेच, आधी फक्त ते कुणी बाहेर काढले नव्हते. ज्यांच्यासाठी बनवलं त्यांनी डेमो शांतपणे पाहिला. मग एकाने विचारलं, हे तुटक काय आहे? सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे सिस्टीम अजून पूर्ण झालेली नाही का?

पुढच्या आवृत्तीत सगळ्या रेघा सलग आहेत.